लालाचा टोप आणि मी

मी कोमाल बोलतोय. कोमाल म्हणजे तवा. माझं अंग तसंच गरम, म्हणून हे नाव. आमच्या मेक्सिकोतल्या बिनकेसांच्या कुत्र्यांच्या जातीतला मी. अंगावर केस नाहीत, तोंडात मोजके दात, आणि ह्याच गोष्टींचं लोकांना भारी कौतुक! गुडघे दुखणारे शेजारी मला मांडीवर ओढून शेक घेतात नि म्हणतात, "अस्सल आहे बरं का!"

आमच्या घरची लाला जन्मापासून माझ्यासारखीच. डोक्यावर विरळ जावळ, दात थोडेच. शिवाय तिला घाम येत नाही, त्यामुळे ऊन बाधतं. पण तिला कुणी अस्सल म्हणत नाही. मला ह्याचा फार राग येतो.

"एर्मिला, एकाच वेतातली का गं दोन्ही?" शेजारची चोले खिदळायची. लालाची आई तिला ओढून घरात न्यायची.

शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या मिरवणुकीत लाला देवदूत होणार होती. आईने स्वतःची वेणी कापून तिच्यासाठी केसांचा टोप करवून घेतला. "आता बघते कोण हसतं ते!"

मे महिन्याचं ऊन. सजवलेल्या बैलगाडीत लाला उभी. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चाकाच्या ह्या बाजूने, त्या बाजूने नुसता धावत होतो. तिचा लोंबता हात चाटला, तर माझ्याहून गरम! असं कधी झालं नव्हतं. मी भुंकत सुटलो.

"गप रे मेल्या!" आईने दटावलं.

लालाचे डोळे मिटू लागले. मग मात्र मी गाडीत उडी मारली आणि होत्या तेवढ्या दातांनी टोप ओढून पळालो. सगळा गाव हसला. आईने मला गाठून पाठीत चप्पल हाणली, टोप हिसकावला आणि परत येऊन ती तो लालाच्या डोक्यावर घालू लागली. तिचा हात लालाच्या कपाळाला लागला.

"अगं बाई! पाणी! पाणी आणा कुणीतरी!"

बैलांसाठी ठेवलेली बादली धावत आणली ती चोलेनेच. आईने टोपच पाण्यात बुडवला आणि आपल्या वेणीच्या केसांनी लेकीचं अंग पुसत राहिली. कितीतरी वेळाने लालाने डोळे उघडले.

"आई, तो परत नको ना घालूस."

"नाही गं राणी. कधीच नाही."

आता मी म्हातारा झालोय. तरी ऊन चढलं की स्वस्थ बसवत नाही. लंगडत लालाला शोधतो, हात चाटतो, गार लागला की मगच टेकतो.

मेलेल्यांना नदीपार नेण्याचं काम माझ्या जातीकडे असतं, असं इथली माणसं म्हणतात. मी लवकरच त्या काठावर जाऊन बसेन. लाला, तू मुळीच घाई करू नकोस. आणि येशील तेव्हा उघड्या डोक्याने ये. दात उरले नाहीत माझे, पण टोप घालून आलीस तर तिथेही ओढून पळेन.