बावन्न उजवे अंगठे

“डबीच वाळून गेलती ना बापा! डावा उठतच नवता, म्हून उजवा देला.”

मित्रांनो, माझ्या झाकणावर कोपर टेकून हिरालाल असा कुरकुरत होता. तोंड माझ्यापासून वीतभर लांब, तरी बोलणं माझ्याविरुद्धच. मी एक जुनी शाईची डबी आहे. बाबूलोक मला स्टँप पॅड म्हणतात. आम्हा डब्यांना दोनच गोष्टी जमतात, दुसऱ्याचं बोट काळं करणं आणि गप्प राहणं. दुसरीचा आता फार कंटाळा आलाय.

पत्र्याचं अंग, आत नमद्याची गादी, वर मलमलीचा तुकडा, एवढाच माझा संसार. दुर्गच्या एका दुकानातून ठेकेदाराच्या हजेरीबाबूने मला भिलाईला आणलं. तेव्हा भिलाई म्हणजे नुसते खड्डे. पोलादाच्या कारखान्याच्या पहिल्या भट्टीच्या पायासाठी हजारो माणसं लाल माती उपसत होती. त्यात आमच्या भंडाऱ्याकडचीही पुष्कळ. गावात विड्या वळणारी ही माणसं, त्यांच्या अंगठ्यांना तेंदूपानाचा वास यायचा. रोज सकाळी रांग लागे. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. हा नियम कोणी केला देव जाणे, पण चुकला की बाबू खेकसायचा. त्यामुळे अक्षर न येणाऱ्यालाही हा धडा पक्का पाठ होता. मी पण शिकले. कोणाच्या अंगठ्यावर चीर, कोणाचं नख गेलेलं, कोणाचा घट्टा, सगळं मला मलमलीतून कळे.

एकोणसाठ साली पहिली भट्टी पेटली. माणसं कारखान्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर गेली. ठेकेदाराने गाशा गुंडाळला आणि झाकण वाकलेली मी कचऱ्यात गेले. त्या रांगेतल्याच सुखरामने मला उचललं, झाकण ठोकून सरळ केलं आणि सुपेला वस्तीतल्या आपल्या झोपडीत कोनाड्यात ठेवलं. शेजारी कुंकवाची डबी होती. तिला रोज बोट लागे. मला नाही.

मग सुखरामची मोठी बहीण मैनाबाई गावाहून राहायला आली. तिचा नवरा शालिकराम विडीकामगारांचा पुढारी. मोर्चा काढला म्हणून त्याला आणि सोबतच्या चौघांना धरून नेलं होतं. खटला नाही, शिक्षाही नाही, नुसती कोठडी. चौदा महिने झाले होते. पत्रात तो एवढंच लिही, ‘खोकला आहे, काळजी नसावी.’ शेवटचं पत्र आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. त्या दिवशी मैनाबाईने कुंकू लावताना दोनदा बोट पुसलं.

रेल्वेतले गुलाबराव शिकलेले. ते म्हणाले, “आपण भिलाईतल्या भंडारावाल्याइनं सरकारले अर्ज करू. पाचही जणाइले सोडा म्हून. पन्नासएक माणसं असली तर वरचे वाचतीन तरी.”

मैनाबाईने माझ्यात शाईची अख्खी बाटली ओतली. सुट्टीच्या दिवशी दुपारी माणसं जमली. तिने सगळ्यांना चहा दिला. शालिकरामच्या आठवणी निघाल्या, कोणी डोळेही पुसले. मग गुलाबरावांनी कागद पसरला आणि सगळे मागे सरकले. नोकरी पक्की करताना गावाकडे पोलीस चौकशी होते, हे जो तो ऐकून होता. कारखान्याच्या मस्टरवर प्रत्येकाचा डावा अंगठा होता. जुळवायचं म्हटलं तर किती वेळ लागतो? नाव आपलं नाही म्हणता येतं, ठसा नाही.

पहिला हिरालाल उठला. डावा हात पुढे आला, थबकला, मागे गेला. उजवा माझ्यावर टेकला.

त्याची आई भागीरथाबाई दारातूनच म्हणाली, “कावून रे हिरा, बाई झालास का?”

“तू चूप बस ना माय!”

सगळे हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले. आणि मग एकामागून एक उजवेच अंगठे येऊ लागले. मी दोन वर्षं ज्यांच्या डाव्यांना ओळखत होते, त्यांचे हे उजवे मला परके होते, आणि ओलसर. सुखरामचाही उजवाच आला. गुलाबराव म्हणजे रेल्वेचा माणूस, दिसेल तेच लिहिणार. प्रत्येक ठशाखाली त्यांनी लिहिलं, ‘निशाणी उजव्या अंगठ्याची’. त्यांची स्वतःची सही नेहमी मोत्यासारखी, त्या दिवशी मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी उमटली. शेवटी भागीरथाबाई आणि मैनाबाई. एकूण बावन्न उजवे अंगठे झाले. त्यातले दोनच खरे.

दोन महिन्यांनी अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत शेरा होता, ‘नावे पुरुषांची, निशाण्या बायकांच्या. अर्ज बनावट दिसतो.’ सोबत दुसरी खबर होती. पाचही जणांची कोठडी आणखी सहा महिने वाढली होती.

त्याच झोपडीत, त्याच चटईवर परत सगळे बसले. कोणी म्हणालं टपालात घोळ झाला. कोणी म्हणालं अंगठा कोणत्या हाताचा ते गुलाबरावांनी लिहायलाच नको होतं. आणि हिरालालने माझ्यावर कोपर टेकून ते मघाचं वाक्य म्हटलं. सगळ्यांना ते पटलं. डबी वाळली होती! किती सोपं.

मित्रांनो, शाईच्या डबीला वापरून झालं की झाकण लावत जा, नाहीतर ती खरंच वाळते. पण मी त्या दिवशी वाळले नव्हते. माझी गादी तुडुंब होती. वस्तूंवर आळ घेणं सोपं असतं, आम्ही उलटून बोलत नाही. तुम्ही तेवढं करू नका.

मैनाबाई चुलीजवळ बसली होती. हातात तो परत आलेला कागद. बाटली तिनेच ओतली होती, तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ती खालमानेने म्हणाली, “राहू द्या गा भाऊ. मीच शाई कमी टाकली असन.”

 हिरालालचा कोपर माझ्यावरून निघाला. सुखराम उठला, बहिणीसमोर जाऊन उकिडवा बसला. आपला डावा अंगठा तो मुठीत धरून होता.

“नाई बाई,” तो म्हणाला. “शाई लय होती. मले भेव लागला. माहा भाऊजी आत रोज मरून राहिला, अन् मले नोकरीचा भेव लागला.”