शिडी धरणारे हात

“साहेब, शिडी धरलेले ते हात माझेच ना?” बोनिफात्सीनं भिंतीकडे बोट दाखवत विचारलं आणि कॉफी पिता पिता मला ठसका लागला.

पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या त्या कॉफीघराच्या भिंतीवर आम्ही चित्रकार मंडळी बड्याबड्यांची टर उडवायचो. समीक्षकाचं नाक, प्राध्यापकाची दाढी. ज्याचं व्यंगचित्र तिथं नाही, त्याला आमच्यात कुणी हिंग लावूनही विचारत नसे. बोनिफात्सी प्रदर्शनाच्या दालनात चित्रं टांगायचा, सव्वीस वर्षं. माझं पहिलं चित्र त्यानंच टांगलं, तेही उजेडाच्या भिंतीवर, दालनाच्या संचालकांचा डोळा चुकवून.

त्या महिन्यात भिंतीवर मी संचालकांना शिडीवर चढवलं होतं, चित्र उलटं टांगताना. शिडी कुणीतरी धरायला हवी, म्हणून कडेला दोन हात काढले. कुणाचे, हा विचारसुद्धा केला नव्हता.

“तुमचेच की, दादा!” मी ठोकून दिलं.

“बघ, पेलागिया! सांगत नव्हतो?” त्यानं बायकोला पुढे ओढलं. दोघं ठेवणीतले कपडे घालून आली होती.

“अहो, पण तोंड कुठंय तुमचं?”

“साहेब काढतील की. काय साहेब?”

“काढतो तर! पुढच्या गुरुवारी. नाक जरा लांब काढीन हं.”

“काढा, चांगलं हातभर काढा!” तो असा खुलला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तो गुरुवार गेला, पुढचेही गेले. तो यायचा, मला सोपं पडावं म्हणून मान वळवून बसायचा. “आज नको, दादा,” मी म्हणायचो. मेला आळस माझा, दुसरं काय! वर्षभरानं, फेब्रुवारीत, तो न्यूमोनियानं गेला.

दफनाहून थेट भिंतीपाशी आलो, रंग कालवले. संचालकांचं पोट मी डोळे मिटून काढलं असतं. पण बोनिफात्सीचं नाक कसं होतं? मिशा होत्या का? देवा, वर्षभर समोर बसलेल्या माणसाचं तोंड मला आठवेना.

मागे पेलागिया उभी होती.

“घरात त्यांचा फोटो नाही हो एकही. म्हटलं, इथं तरी बघून जावं.”

“वहिनी, मला आठवत नाहीये,” मी म्हणालो. खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं.

ती खुर्ची ओढून बसली.

“कपाळ रुंद काढा. डाव्या भुवईवर व्रण होता. तुमचं पहिलं चित्र टांगताना चौकट पडली होती त्यांच्यावर. सांगू नको म्हणाले होते.”