निळीचा रांजण आणि कमलाकरची मोटार

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मनुष्याचे पुढे काय होते, हे १९३३ साली सोलापूरच्या कसब्यात कोणालाच ठाऊक नव्हते. कारण असा मनुष्य त्या पेठेत यापूर्वी निपजलाच नव्हता. वकील झालेला मुलगा काय करतो हे सर्वांना माहीत होते: तो पक्षकारांची वाट पाहतो. डॉक्टर झालेला रोग्यांची पाहतो. परंतु कमलाकर वैरागकर कोणाची वाट पाहत ओट्यावर बसला आहे, याचा उलगडा गल्लीला होत नव्हता.

शेजारच्या काकू त्याच्याकडे काळवंडलेली समई घेऊन आल्या. एका दूरच्या मावशीने सुवर्णभस्माची चौकशी केली. गिरणीच्या फाटकावर तो अर्ज घेऊन गेला, तेव्हा जमादाराने "केमिस्ट व्हय? दवाखाना पलीकडल्या अंगाला हाय," असे सांगून त्याला अत्यंत आदराने परत पाठवले. त्याने घरी साबण करून पाहिला. तो शास्त्रदृष्ट्या निर्दोष होता, पण त्याला फेस येत नव्हता. दोष सोलापूरच्या विहिरींच्या जड पाण्यात होता आणि ही गोष्ट तो सूत्रासह सिद्ध करू शकत होता. परंतु गिऱ्हाईक विहीर बदलत नाही, साबण बदलते.

त्याचे वडील वेणीमाधवपंत न्यायालयात कारकून होते आणि घरातही निकालाच्याच भाषेत बोलत. एके सकाळी पूजा आटोपून त्यांनी निकाल दिला.

"रसायनशास्त्राला दसऱ्यापर्यंत मुदत. तोवर नोकरी लागली तर ठीक. न लागल्यास तू नातेपुत्याला मामांच्या अडतीवर जाऊन शेंगांची पोती मोजायची. अपील नाही."

"पण अण्णा, मला तराजूची सवय आहे ती रतीभर वजनाची."

"मग तिथे सवय मोठी होईल."

दसरा तोंडावर आला होता. नातेपुत्याच्या शेंगा कमलाकरला स्वप्नात दिसू लागल्या होत्या आणि त्या प्रत्येक वेळी भाजलेल्याच असत.

अशा अवस्थेत त्याची आई, गोदावरीबाई, निराळ्यांच्या गल्लीतून रिकाम्या हातांनी परत आल्या. त्यांचे जुने इरकली लुगडे चनमल्लप्पा निराळ्याकडे निळीत बुडवण्यासाठी दिलेले होते. निराळी म्हणजे पिढ्यान् पिढ्या निळीचा रंग देणारे लोक, आणि त्यांच्यात चनमल्लप्पाच्या रांजणाचा निळा रंग असा, की लुगडे फाटे पण रंग उतरत नसे.

"रांजण रुसलाय म्हणे," गोदावरीबाई म्हणाल्या. "त्याची बायको गुरम्मा तर रडतेच आहे. विणकरांचं सगळं सूत तसंच पडलंय. सणाला लुगडी कशी निघायची?"

"रांजण रुसत नाही, आई. आंबवण बिघडतं."

"मग जा, त्याची समजूत काढ."

कमलाकर निळ्या लिटमस कागदाच्या पट्ट्या खिशात घालून निघाला. नोकरीच्या शोधात निघालेला मनुष्य सहसा इतक्या वेगाने चालत नाही.

चनमल्लप्पाच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला भला मोठा रांजण होता. कोपरापर्यंत कायमचे निळे झालेले हात कमरेवर ठेवून चनमल्लप्पा त्याच्याकडे आजारी बैलाकडे पाहावे तसा पाहत उभा होता. निरोगी रांजणातील पाणी हिरवट-पिवळे असते आणि वर तांबूस साय धरते. या रांजणातून मात्र केवळ दुर्गंधी येत होती.

"या, धाकटं पंत," चनमल्लप्पा म्हणाला. "बगा की. आमच्या आज्ज्यापासनं असा रुसला न्हवता."

कमलाकरने पट्टी बुडवली. ती लाल झाली.

"पाणी आंबट झालं आहे. चुना कमी पडतो."

"रोज घालतुया की! गुरम्मा, चुना दाव."

गुरम्माने पडवीतून पोते ओढून आणले. पावसाळाभर ते भिंतीच्या ओलीत पडून होते. कमलाकरने चिमूटभर चुना वाटीत घेतला आणि त्यावर लिंबू पिळले. वाटीत सरसरून फेस आला.

"अव्वा!" गुरम्मा दोन पावले मागे सरली. "चुना उकाळला की हो!"

"हा चुना राहिलेला नाही. हवा लागून याचा खडू झाला आहे. फळ्यावर लिहायला उपयोगी, रांजणाला नाही. भट्टीवरचा ताजा चुना आणा, थोडा थोडा घाला. गूळ आणि टाकळ्याच्या बियांचा काढा घाला, भोवती गोवऱ्यांची धग ठेवा. दोन-चार दिवसांत रांजण उठेल."

चनमल्लप्पाने सगळे शांतपणे ऐकले, सगळे करण्याचे कबूलही केले. मग डोके खाजवीत म्हणाला, "करतो. आनि आमचं बी एक औषध हाय. ते बी करतो."

"करा," कमलाकर उदारपणे म्हणाला. त्याला वाटले, नारळ फोडणार असतील. चौकशी करण्याइतकीही शास्त्रीय शिस्त त्या क्षणी त्याने पाळली नाही, आणि पुढचा सारा गोंधळ त्या एका चुकीतून उद्भवला.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयातून परतला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माणसे दोरी धरून उभी होती. एक टोक काकूंच्या ओट्यापाशी, दुसरे समोरच्या भिंतीपाशी.

"शिरत नाही," दोरी धरणारा म्हणाला.

"काय शिरत नाही?"

"मोटार! तुमची मोटार! काकूंची पायरी उडवल्याशिवाय मोटार आत येणं अशक्य."

"उडवा की मेली पायरी," काकू आतून ओरडल्या. "पण मला एकदा सिद्धेश्वराला मोटारीतून न्यायचं, कमू, आत्ताच सांगून ठेवते!"

घरात वेणीमाधवपंत भर दुपारी पेढे वाटत होते. न्यायालयातून ते वेळेआधी घरी आल्याची ही पहिलीच नोंद. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते लपवण्यासाठी ते पेढ्यांवर ओरडत होते.

"कमलाकर! गिरणीच्या साहेबांनी तुला रंगखात्यात घेतला, वर मोटारही दिली, आणि हे मला शिरस्तेदारांच्या तोंडून कळावं?"

"अण्णा, मला कोणीही कोठेही घेतलेलं नाही."

वेणीमाधवपंतांनी त्याच्याकडे अभिमानाने पाहिले. "बरोबर. साहेबांनी बाहेर बोलू नको म्हटलं असेल. गुप्तता पाळायची. शाबास."

"मी खरोखरच सांगतो..."

"पेढा खा."

त्या संध्याकाळी कमलाकरने ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या काटेकोरपणे नाकारली, की उरलेल्या कसब्याचीही खात्री पटली. नसलेल्या गोष्टीविषयी मनुष्य एवढे बोलत नाही, असा सर्वसाधारण अभिप्राय पडला. अकलकोटच्या एका वधूपित्याने मुलगी मोटारीत बसून आजारी पडत नाही असा निरोप पाठवला. धोंडीराम टांगेवाला तर घोड्यासकट दारात येऊन उभा राहिला.

"ड्रायव्हर म्हणून मलाच ठेवा, साहेब. मोटार येत न्हाय, पर शिकंन. रस्ते समदे पाठ हायत."

"रस्ते पाठ आहेत ते घोड्याला. तुम्हांला नाही," कमलाकर त्रासून म्हणाला.

"मग त्याला बी घ्या की!"

बातमीचा उगम शोधणे ही विश्लेषणाची साधी क्रिया होती. धोंडीरामला ती चाटी गल्लीत कळली, चाटी गल्लीला विणकरांकडून, विणकरांना सूत विचारायला गेले असता निराळ्यांच्या गल्लीत. दुसऱ्या सकाळी कमलाकर थेट चनमल्लप्पाच्या अंगणात जाऊन थडकला.

"ही थाप तुम्ही सोडलीत?"

"व्हय," चनमल्लप्पा प्रसन्नपणे म्हणाला. "तेच आमचं औषध. रांजण रुसला की गावात एक थाप सोडायची. मोठी पायजे. समद्या गावानं खरी मानली पायजे, आनि फिरून आपल्याच कानावर आली पायजे. काल सांच्याला एक भाजीवाली मलाच सांगून गेली, वैरागकराच्या पोराला गिरणीत नोकरी आनि वर मोटार मिळाली म्हणून! म्या म्हटलं, उठला रांजण."

"पण थाप माझ्याविषयीच कशाला?"

"दुसरं इतकं खोटं काय सुचंना, पंत."

कमलाकर तावातावाने पुढे सरला. तेवढ्यात त्याची दृष्टी रांजणावर गेली. पाण्यावर तांबूस, चकचकीत साय धरली होती. कडेला निळा फेस जमला होता. गुरम्माने सुताची एक लड बुडवून वर काढली. ती हिरवट-पिवळी निघाली आणि वाऱ्यावर धरताच बघता बघता, जणू कोणी आत दिवा लावावा तशी, निळी निळी होत गेली. कमलाकरने ही क्रिया पुस्तकात वाचली होती. ती पाहून नाचावेसे वाटते, हे पुस्तकात नव्हते.

"ताजा चुना!" तो ओरडला.

"थाप!" चनमल्लप्पा ओरडला.

"दोन्ही एकाच वेळी केलंत! आता कशाने बरा झाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही!"

"न्हाय तर न्हाय. उठला न्हवं?" चनमल्लप्पाने एकाएकी आवाज उतरवला. "फकस्त एक पथ्य हाय, पंत. थाप खोटीच राहिली पायजे. खरी झाली, की रांजण कायमचा मेला. समदं सूत आत जायाचंय. दसरा होईस्तवर तेवढी काळजी घ्या."

"त्याची चिंता नको," कमलाकर खिन्नपणे म्हणाला. "मला नोकरी लागण्याचा धोका मुळीच नाही."

त्याच दुपारी गिरणीचा जमादार, तोच, त्याला शोधत घरी आला आणि वाकून म्हणाला, "साहेबांनी याद केलीय."

झाले होते ते असे. थापेत कोणत्याच एका गिरणीचे नाव नव्हते. त्यामुळे प्रत्येक गिरणीला वाटले, दुसरीने नेला. आणि ज्याला दुसरी गिरणी मोटार देऊन नेते, त्याचा अर्ज आपल्या टोपलीत पडून आहे, या विचाराने रंगखात्याच्या साहेबांना जेवण गेले नव्हते. ते परदेशात शिकून आलेले, सडपातळ, पोटाच्या विकाराचे गृहस्थ होते.

"त्यांनी मोटार दिली ना?" ते म्हणाले. "ठीक. आमचीही एक जुनी मोटार आहे. ढकलावी लागते, पण मोटार आहे. सोमवारी रुजू व्हा."

कमलाकरच्या डोळ्यांपुढून नातेपुत्याच्या शेंगांची पोती एकामागून एक निघून गेली. फक्त 'हो' म्हणायचे होते. रांजणाचा आणि मोटारीचा काडीमात्र संबंध नाही, हे त्याला पूर्ण ठाऊक होते. परंतु आंबवणाचा रांजण कधीही बिघडू शकतो, हेही ठाऊक होते; आणि तो नेमका मोटार दारात आल्यावर बिघडला, तर निराळ्यांच्या गल्लीत पुढची शंभर वर्षे रसायनशास्त्राचे नाव निघणार नव्हते. शिवाय साहेब एका खोट्या गोष्टीवर बोली लावत होते.

"मला कोणीही बोलावलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने खडू झालेल्या चुन्यापासून धोंडीरामच्या घोड्यापर्यंत सर्व हकीकत सांगितली. सांगताना नोकरी हातातून जात असल्याचे त्याला स्पष्ट जाणवत होते.

साहेब हसले नाहीत. "लिंबू पिळून पाहिलंत?"

"जवळ तेवढंच आम्ल होतं."

"आणि रांजण चुन्याने बरा झाला?"

"चुन्याने किंवा थापेने. दोन्ही उपचार एकत्र झाले. चुन्याने झाला असं माझं मत आहे, पण या प्रयोगावरून तसं म्हणता येणार नाही."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. "माझ्या खात्यात," ते हळू म्हणाले, "प्रत्येक माणसाला प्रत्येक गोष्ट निश्चित ठाऊक असते. आणि निळा रंग दर आठवड्याला निराळा निघतो. 'म्हणता येणार नाही' हे वाक्य मी इथे आल्यापासून प्रथमच ऐकलं. सोमवारी या. मोटारीसह."

"मोटार नको!" कमलाकर इतक्या जोराने म्हणाला की बाहेर जमादार दचकला. "सायकल द्या. दसरा अजून व्हायचा आहे."

मिळालेल्या सायकलीवरून तो घरी पोहोचला तेव्हा चनमल्लप्पा ओट्यावर येऊन बसला होता. बातमी सायकलीपेक्षा वेगाने पोहोचली होती आणि त्याचा चेहरा त्याच्या हातांहून निळा पडला होता.

"नोकरी लागली म्हनं! पंत, रांजण मेला!"

"नोकरी लागली, पण मोटार नाही मिळाली!"

"मग थाप खरी का खोटी?"

सगळी गल्ली वेणीमाधवपंतांकडे पाहू लागली. त्यांनी डोळे मिटले, उपरणे सारखे केले आणि आयुष्यात कारकुनाला एकदाच मिळते ती संधी साधली.

"विधान एक, अंगे दोन: नोकरी आणि मोटार. एक अंग जरी शाबित झालं नाही, तरी संपूर्ण विधान खोटं. थाप कायम आहे. रांजणास अभय."

"अपील?" कमलाकरने विचारले.

"नाही," पंत म्हणाले, आणि हसू लागले. मग गोदावरीबाई हसल्या, मग काकू, मग दोरीवाला, आणि धोंडीरामचा घोडा खिंकाळला.

दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर कमलाकर नव्याने रंगवलेल्या इरकलातल्या आईला सायकलीच्या मागे बसवून काकूंच्या शाबूत पायरीशेजारून निघाला, तेव्हा लोक आपापसांत म्हणाले, "मोटार दुरुस्तीला टाकलेली दिसते." थापेला इतके दीर्घ आयुष्य मिळालेले पाहून चनमल्लप्पा धन्य झाला. त्याने चौकात सायकल अडवून आपट्याची पाने दिली.

"चनमल्लप्पा," कमलाकर म्हणाला, "पुढच्या वेळी आपण दोन रांजण घेऊ. एकाला नुसता चुना, दुसऱ्याला नुसती थाप. म्हणजे कायमचा निकाल लागेल."

चनमल्लप्पाने उरलेली पाने कमरेला खोचली.

"आनि थापेचा उठला तर, पंत? तुमची नोकरी कुनाला द्यायची, मला?"

 कमलाकरने घंटी वाजवली आणि जोरात पायडल मारले. तो प्रयोग अद्याप झालेला नाही.