हवालदार कसा गेला

सिस्टरला सगळी इमारत सिस्टरच म्हणायची. तिचं स्वतःचं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. एकतीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माणसाचं असं होतंच. रस्त्यात कुणी दुसऱ्याच बाईला 'सिस्टर' म्हणून हाक मारली तरी हिचे पाय थांबायचे.

हवालदार म्हणजे समोरच्या दारातल्या सरांचा कुत्रा. चौदा वर्षांचा, तपकिरी, पोटाने सुटलेला. जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी हुंगून तपासल्याशिवाय सोडायचा नाही, म्हणून हवालदार. अलीकडे हृदय थकल्यामुळे तपासणी बसल्या जागेवरून चालायची. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मोतीबिंदू काढायला ते लेकीकडे दुसऱ्या गावी गेले, आणि जाताना घराची किल्ली नि हवालदाराच्या गोळ्यांची डबी सिस्टरच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जातोय."

निर्धास्त! पाचव्याच दिवशी सिस्टरच्या बदलीची मुलगी तापाने पडली आणि रात्रपाळीला सकाळपाळी जोडून आली. दुपारी अडीचला सिस्टर जिना चढली तेव्हा पायांचे अगदी तुकडे पडले होते. तरी ती स्वतःच्या घरी न जाता आधी सरांकडे गेली. हवालदाराची गोळी उकडलेल्या अंड्यात लपवून भरवली, पाणी बदललं, आणि पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून सोफ्यावर कलंडली.

मध्येच कधीतरी तो कण्हला. तिने ते ऐकलं. पुढे मनाची कितीही समजूत घातली तरी हे काही पुसलं जाईना, की तिने ऐकलं होतं. "थांब रे राजा, आलेच," असं ती म्हणालीसुद्धा, डोळे न उघडता. वॉर्डात दिवसातून पन्नासदा म्हणायचं वाक्य, ते झोपेतही बिनचूक निघालं.

जाग आली ती साडेपाचला. हवालदार त्याच्या बिछान्यावर नव्हता. बिछाना आणि सोफा यांच्या मधोमध, फरशीवर, तिच्याकडे तोंड करून तो पडला होता. अंग गार झालं होतं.

तिला रडू आलं नाही. रडायलाही जरा झोप झालेली असावी लागते. हात मात्र आपोआप कामाला लागले. डोळे मिटले, तोंड पुसलं, पाय सरळ केले, खाली स्वच्छ चादर घातली. मग सवयीने वेळ लिहायला ती पेन शोधू लागली आणि तिथेच थबकली. लिहिणार काय, कपाळ? अडीच ते साडेपाचच्या मधली कुठलीही वेळ असेल.

तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"घेऊन या इकडे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे थंड पेटी आहे, तीन दिवस ठेवता येईल. पण पुढचं काही आपल्या मनाने करू नका हं. आधी मालकांना विचारा. पुरायचं की जाळायचं, शेवटचं बघायचंय का, हे त्यांचं त्यांना ठरवू दे. लोक चांगल्या मनाने परस्पर उरकून टाकतात, आणि मग शेजाऱ्यांची तोंडं कायमची दोन दिशांना."

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तिने आधी लेकीला कळवलं. लेक थोडी रडली, मग सावरून भरभर बोलू लागली. "मावशी, बाबांना एवढ्यात अजिबात सांगू नका. वाकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, असं बजावलंय त्यांना. तुम्ही तिकडे उरकून टाका. शुक्रवारी तपासणी झाली की मी सांगेन, झोपेतच गेला, मावशी जवळ बसल्या होत्या म्हणून. तुम्हाला तर असं बोलायची सवय असेल ना?"

पोरीच्या मनात काही टोचायचं नव्हतं, पण टोचलं ते टोचलंच.

सवय होतीच. 'झोपेतच गेले, मी हात धरून होते' हे वाक्य सिस्टरने किती घरच्यांना दिलं असेल, याची गणतीच नव्हती. बत्तीस खाटा आणि दोन नर्स असल्या की सगळ्यांचे हात कोण धरणार? पण नातेवाईक धावतपळत येतो, त्याला काहीतरी हवं असतं, आणि औषधाच्या कपाटात तसलं काही नसतं. मग हे वाक्य द्यायचं. कधी खरं असायचं, बहुतेकदा नसायचं.

सरांनाही तिने तेच दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको तिच्याच वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर गेली. सर खाली औषधं आणायला गेले होते आणि सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला सलाईन लावायला शीर शोधत होती. परत येऊन पाहते तर सगळं आटोपलेलं. सर आले तेव्हा तिने वाक्य म्हटलं. सरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. पुढे सरांच्या समोरची जागा रिकामी झाली, ती तिला मिळवून देण्यासाठी तेच मालकाच्या मागे लागले. आज हातात असलेली किल्लीसुद्धा त्या एका वाक्याचीच कमाई होती. आता कुत्र्याचं खरं सांगावं, तर सर उद्या विचारतील, आणि आमच्या हिच्या वेळी हो?

हवालदाराला खाली न्यायला तळमजल्यावरचा बसड्रायव्हर आला. वॉर्डात पेशंट हलवतात तसा दोघांनी तो चादरीवर उचलला. "काय हवालदारसाहेब," ड्रायव्हर म्हणाला, "जन्मभर आमच्या पिशव्या तपासल्यात, आणि जाताना आम्हालाच ओझं वाहायला लावलंत होय?" पण दुसऱ्या वळणावर त्यानेच थांबून चादरीचं सुटलेलं टोक हवालदाराच्या अंगावर नीट ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला.

"काय म्हणतोय आमचा हवालदार?"

लेकीला हवं होतं ते उत्तर सिस्टरच्या ओठांवर होतं. 'बरा आहे' म्हटलं असतं तर सर खूश होऊन संध्याकाळी पुन्हा फोन करणार होते. मग संध्याकाळचं खोटं, उद्याचं खोटं, गोळी घेतली का, फिरला का. खोट्याचा डोस एकदा सुरू केला की वेळच्या वेळी द्यावा लागतो, आणि तिच्यात आता आणखी एका रुग्णाचं करण्याचं त्राण उरलं नव्हतं.

"सर, बसून घ्या," ती म्हणाली. "हवालदार काल गेला."

सर म्हणाले, "त्याला ठेवा. मी येतो."

दुपारी लेकीने त्यांना गाडीने आणलं. काळा चष्मा, एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. लेकीने सिस्टरकडे बघितलंही नाही, आणि सिस्टरला तिचा रागही आला नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली, हवालदाराला टेबलावर ठेवलं आणि लेकीला कागदांवर सह्या करायला बाहेर नेलं. सर चाचपडत पुढे झाले. त्यांनी त्याच्या कपाळावरून एकच बोट कितीदा तरी फिरवलं.

"कसा गेला?" त्यांनी विचारलं. "त्रास झाला का त्याला? कोणी होतं जवळ?"

तिन्ही प्रश्नांना एकच वाक्य पुरलं असतं. पण फरशीवर तिच्याकडे तोंड करून पडलेला तो तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"होते पण आणि नव्हते पण," ती म्हणाली. "सोफ्यावर झोपले होते, सर. दोन पाळ्या झाल्या होत्या. तो कण्हला, ते मी ऐकलं. आलेच म्हणाले आणि उठले नाही. तो बिछान्यावरून उठून माझ्याकडे यायला निघाला होता, निम्म्या वाटेत पडला. उठले असते तर वाचला असता असं नाही. पण एकटा गेला नसता. माझं चुकलं."

एवढं बोलून तिने पर्समधून किल्ली काढली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. आता तो पुढचा प्रश्न येणार, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. खोटं बोलायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. सुटेन एकदाची, असंही वाटत होतं.

सरांनी काळा चष्मा तिच्याकडे वळवला.

"सहा वर्षं मला एक शंका खात होती, सिस्टर," ते हळू म्हणाले. "हिच्या वेळी तुम्ही म्हणालात, झोपेत गेल्या, मी हात धरून होते. मला वाटायचं, सगळ्यांना असंच सांगत असतील. कित्येक रात्री हाच विचार. ती मला हाका मारत गेली असेल का? विचारायचा धीर कधी झाला नाही. आज बघा, एका कुत्र्यापायी तुम्ही स्वतःची झोपसुद्धा लपवली नाहीत. अशी बाई माझ्या बायकोबद्दल कशाला खोटं बोलेल? खरंच होतं ते. मीच वेडा."

सिस्टरने तोंड उघडलं. खरं तिच्या जिभेवर आलेलंच होतं, ढकलायचा अवकाश होता. सर मात्र किती वर्षांनी कुणी खांद्यावरची गोणी उतरवून घ्यावी तसे सैल उभे होते, आणि त्यांचा हात अजून हवालदाराच्या कपाळावर होता.

"हात धरलेला होता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."

सहा वर्षांपूर्वी हे तिच्या तोंडून सवयीने निघालं होतं. आज ती टक्क जागी होती. सरांनी मान हलवली, टेबलावर चाचपून किल्ली शोधली आणि पुन्हा तिच्या हातात दिली. ती तिने घेतली.