तीनदा शुद्ध केलेला निळा

“देवळात काढाव्यात चपला. हितं कंचा द्येव बसलाय?” असं पुटपुटत आकाराम एका पायावर उभे राहून पट्टा सोडवू लागले. प्रियंका आधाराला खांदा पुढे करता येईल इतकी जवळ होती. तिने तो केला.

“आत धूळ चालत नाही, काका.”

“सांगलीची चालत नसंल. ही आमच्या गावची, औंधची हाय.”

तिला हसू आलं, ते तिने अर्ध्यावर थांबवलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत तिचे मार्गदर्शक शेलार सर वाट बघत होते. मोबाइलच्या पडद्यात वापरता येईल असा, वीज किंवा यूव्ही प्रकाश मिळताच निळा उजळणारा सेंद्रिय पदार्थ याच प्रयोगशाळेत आकारामांच्या मुलाने, ऋषिराजने बनवला होता. गेल्या वर्षी गावी जाताना विट्याजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. उरलेलं काम प्रियंकाकडे आलं. आज संध्याकाळी त्यावरचा शोधनिबंध पाठवायचा होता. पहिलं नाव ऋषिराजचं, दुसरं तिचं. तिची पाच वर्षांची पीएचडी त्यावरच अडली होती. सही तेवढी तिने अजून केली नव्हती.

सरांनी पडदा ओढला आणि यूव्ही दिवा लावला. ऋषिराजने बनवलेल्या पदार्थाची कुपी निळीशार झाली.

आकारामांनी टोपी काढली. फौजेत तेवीस वर्षं काढलेला माणूस, हात आपोआप मांडीला चिकटले.

“ह्याची आय इचारती, कसा दिसतो त्यो उजेड. मला काय सांगता येत न्हाई बगा,” ते म्हणाले. मग वाकले. “आन् ही शेजारची कुनाची?”

ती दुसरी कुपी सरांनी सकाळी स्वतः कपाटात ठेवली होती; कुणीतरी ती परत बाहेर काढली होती. त्यांनी प्रियंकाकडे पाहिलं. ती दिव्याकडे पाहत होती.

“त्याच्याच पदार्थाची,” ती म्हणाली. “मी तीनदा शुद्ध केलेली.”

“मग ही का पेटंना?”

“दिवा जुना झालाय, सुभेदार. कोपऱ्यात पोचत नाही,” सर म्हणाले. “चला, चहा घेऊ.”

“वाईच थांबा, सर.”

आकारामांनी दोन्ही कुप्या उचलून जागा बदलल्या. निळी कोपऱ्यात जाऊनही निळीच राहिली. दुसरी मधोमध येऊन नुसत्या पाण्यासारखी उभी.

“दिवा बरा हाय की.” त्यांनी सरांना विचारलं नाही. “पोरी, तू सांग.”

सरांनी घसा खाकरला. प्रियंकाने हातमोजा काढला, बोटागणिक, जणू त्यालाच वेळ लागत होता.

“उजेड त्याच्या पदार्थाचा नव्हताच, काका. विकत आणलेल्या कच्च्या मालात घाण होती, ती उजळत होती. मी शुद्ध करताना ती निघाली, उजेडही गेला; म्हणून माझी सही अडलीय.”