शिल्पापर्यंत किती गेले?

जेवणाच्या सुट्टीत संघ निवडणाऱ्या किरण सरांनी टॅबवरचे आकडे वाचून दाखवले आणि साक्षीचा घास हातातच राहिला.

"दीपमाला, शंभर पासमधले अठ्ठ्याऐंशी बरोबर. साक्षी, चौसष्ट. बॉल हिसकावण्यात साक्षी पुढे आहे, पण त्यात नवल नाही. जी घालवते, तिलाच परत आणावा लागतो."

मुली हसल्या. खानदेशच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत एकच जागा उरली होती. धुळ्याच्या या मैदानावर ती वरणगावच्या साक्षीला मिळणार होती, नाहीतर शिंदखेड्याच्या दीपमालाला. निवडीसाठी आता दुपारचा एकच डाव बाकी होता.

साक्षी तडक निंबाखाली बसलेल्या यादव आबांकडे गेली. वरणगावच्या शाळेतून निवृत्त झालेले आबा गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवत. साक्षी चौथीपासून त्यांच्या हाताखाली होती.

"आबा, पुढं बघ, पुढं दे, हे मला कोण सांगायचं?"

"मीच."

"मग आता मी भोगतेय."

"अगं, मागं दिलेला पास सहसा चुकत नाही. पुढं दिलेला कधीतरी तुटणारच. सरांनी दोन्ही एकाच मापानं..."

"मला शिकवू नका आता."

आबांनी भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

डाव सुरू झाला. साक्षीच्याच बाजूनं खेळणारी शिल्पा उजवीकडे मोकळी सुटली, हात वर करून बॉल मागू लागली. साक्षीनं तिला नीट पाहिलं आणि बॉल मागे दिला. पुन्हा मागे. मग आडवा. जिथे झटापट होती तिथे ती पायच घालेना. पाय घातला नाही की चूकही नाही.

"बठ्ठा बॉल मांगेच का?" एकही पास न मिळालेली शिल्पा अहिराणीत करवादली. "मी काय आठे ऊन खावाले उभी शे?"

समोरची एक मुलगी बॉल घेऊन साक्षीच्या अगदी जवळून गेली. साक्षीनं तिला जाऊ दिलं. गोल झाला. काठावर आबा उभे राहिले. ते मैदानात कधी ओरडत नसत, आताही ओरडले नाहीत. नुसती पाठ फिरवली. साक्षीला ते ओरडण्यापेक्षा जास्त झोंबलं.

शिट्टी वाजली.

"सत्त्याण्णव टक्के," किरण सर खुशीत म्हणाले. "याला म्हणतात सुधारणा. साक्षी, तुझं नाव नक्की."

हवं ते मिळालं आणि तिचं डोकं जास्तच तापलं.

"सर, शिल्पापर्यंत किती गेले?"

सरांनी टॅबवर बोट वरखाली केलं. "ते वेगळं मोजत नाही आपण."

"एकही नाही गेला. आणि तो गोल माझ्यासमोरून झाला. मी हललेसुद्धा नाही. तेही नसेल त्यात."

"म्हणजे मुद्दाम?"

"तुम्हाला आकडा हवा होता ना. दिला."

"तोंड सांभाळ. नाव अजून कापता येतं मला."

"कापा. ठेवलंत, तरी मी संघातही पास पुढंच देणार."

मागून दीपमालानंही हसत कबुली दिली. "सर, मना बी सकायपासून तोच खेळ शे."

सरांचा चेहरा उतरला. आबा जवळ आले. त्यांचा एवढा कडक आवाज साक्षीनं कधी ऐकला नव्हता.

"मोजा, माझी ना नाही. मीही जन्मभर मार्कच दिले. पण पोरींना चुकायची भीती घातलीत, तर त्यांची भीतीच मोजली जाईल, खेळ नाही. दहा मिनिटं द्या. शिल्पापर्यंत किती पोचले आणि तुटलेले किती परत आणले, एवढंच बघू."

सरांनी शिट्टी वाजवली.

साक्षीचा पहिलाच पुढचा पास समोरच्या बाजूनं खेळणाऱ्या दीपमालानं मधेच अडवला. "गई तुनी टक्केवारी," ती म्हणाली.

 साक्षी वळली, दीपमालाच्या मागे धावली, तिच्या पायातून बॉल अलगद काढून घेतला आणि मघाच्याच फटीतून पुन्हा पुढे ढकलला. या वेळी तिथे शिल्पा होती.

किरण सरांचं बोट टॅबवर अधांतरी राहिलं. "आबा, हा चुकलेला धरायचा की बरोबर?"

"आधी बघा तर खरं," आबा म्हणाले.

साक्षी अजून निवळली नव्हती. रागारागानं ती पुन्हा बॉल मागत होती. तिचं नाव कापायचं मात्र राहूनच गेलं.