दीड ते दोन

निरोप आला तेव्हा शिवपुत्रच्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात बॅलन्स होता. घड्याळाच्या पोटात सारखं मागंपुढं झुलणारं बारीक चाक असतं, तो बॅलन्स. त्याला केसासारखी स्प्रिंग असते आणि ती एकदा वाकडी झाली की सगळं काम मुळापासून करावं लागतं.

त्याच्या घरी फोन नव्हता. शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीच्या तोंडाला कृष्णातचं एसटीडी बूथ होतं आणि अख्ख्या गल्लीचे निरोप तिथंच यायचे. सत्त्याण्णव सालचा मार्च. सकाळचे अकरा वाजून गेले होते. कृष्णात दारात येऊन उभा राहिला. एरवी तो आला की न विचारता स्टुलावर बसायचा आणि चहा कुठवर आलाय म्हणून आत आवाज द्यायचा. त्या दिवशी बसला नाही.

"आप्पा, गडहिंग्लजवरनं संगमेशचा फोन आलता. वैनीस्नी बरं न्हाय म्हनत्यात. निघून या म्हटलंय."

त्याची बायको गौराबाई चार दिवसांपूर्वी भावाकडं, संगमेशकडं, गेली होती. जाताना ठणठणीत होती. शिवपुत्रला वाटलं, पित्त उठलं असेल. तिला तो त्रास होताच. त्यानं मान वर केली नाही.

"एवढा बॅलन्स बसवतो आन निघतो. दोन मिन्टं."

कृष्णात म्हणाला, मोटारसायकल काढतो, स्टँडवर सोडतो. शिवपुत्र काढ म्हणाला आणि परत वाकला.

उघडं घड्याळ टेबलावर टाकून उठायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. उघड्या मशीनवर धूळ बसते, एखादा स्क्रू उडतो, आणि परत आल्यावर आपलाच हात कुठवर आला होता ते कळत नाही. झाकण लावायचं, मगच जागा सोडायची. तीस वर्षांत त्यानं हा नियम मोडला नव्हता. टेबलावरचं घड्याळ मलकापूरच्या आण्णा नावाच्या गिऱ्हाइकाचं होतं. बॅलन्स बसला, पण चाल बरोबर लागेना. काढला, स्प्रिंग थोडी सरळ केली, परत बसवला. मधे कृष्णात दोनदा हॉर्न वाजवून गेला. शेवटी टिकटिक कानाला पटली. त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि 'शि' कोरलं, झाकण दाबून बसवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'सुरू ११.५२'. घड्याळ सुरू केलं की वेळ टिपायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते किती मागं पडलं, किती पुढं गेलं ते समजतं.

साडेअकराची एसटी गेली होती. एकची मिळाली.

तो पोचला तेव्हा तीन वाजले होते. दारात गडीमाणसं बसली होती. सोप्यात गौराबाईला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आंघोळ घातलेली, हिरवं लुगडं नेसवलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. त्यांच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला असंच बसवतात. शिवपुत्र चपला न काढताच आत गेला. मग कुणीतरी खाली वाकून त्याच्या पायातल्या चपला काढल्या.

दिवस मावळायच्या आत तिला मळ्यात माती दिली. छातीत कळ आली आणि गेली, एवढं त्याला सांगितलं. किती वाजता, ते कुणी सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेलच असं प्रत्येकानं धरलं. त्यानंही विचारलं नाही. त्या दिवशी विचारायचं सुचलं नाही, आणि नंतर सुचलं तेव्हा धीर झाला नाही.

घरी आल्यावर पहिले काही महिने काम कसंबसं झालं. पण बारीक स्क्रू खाली पडला की अडायचं. ते काम गौराबाईचं होतं. स्क्रू पडला की तो जागच्या जागी थिजायचा, पायसुद्धा हलवायचा नाही, आणि नुसती हाक मारायचा. ती स्वयंपाकघरातनं हात पुसत यायची. एक झाडणी तिनं फक्त त्या खोलीसाठी ठेवली होती. जमीन झाडून सगळा केर पांढऱ्या फडक्यावर घ्यायची, खिडकीत धरायची आणि ओल्या बोटाच्या टोकानं मोहरीच्या दहाव्या हिश्श्याचा स्क्रू उचलायची. "सिक्तु नोड्री," म्हणायची. सापडला, बघा. तिचं माहेर कानडी मुलखाच्या कडेचं. रागावली की मराठी, खूश असली की कानडी. रागावण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं. जेवायला हाक मारली की तो दोन मिन्टं म्हणायचा. "तुमची दोन मिन्टं म्हंजे माझी आमटी तीनदा गरम," असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची.

आता स्क्रू पडला की तो स्वतःच गुडघ्यावर बसून शोधायचा. निम्मे सापडायचे नाहीत.

आणि शोधता शोधता त्याचा हिशेब चालू व्हायचा. त्याच्या भागात गेलेल्या माणसाची खबर फोनवर 'गेला' म्हणून देत नाहीत. बरं नाही, निघून या, असंच सांगतात. प्रवासात माणसाला काही होऊ नये म्हणून. वडील वारले तेव्हा खुद्द शिवपुत्रनं बहिणीला 'सिरियस, लगेच या' अशी तार केली होती. म्हणजे कृष्णात दारात आला तेव्हा गौराबाई गेलेलीच असेल, तर त्याच्या त्या पाऊण तासानं तिचं काही गेलं नाही. पण निरोप खरा असेल तर? खरंच नुसतं बरं नसेल तर? साडेअकराची गाडी धरली असती तर तो दीडला पोचला असता. तीनला पोचला तेव्हा तिची आंघोळ, नेसवणं, फुलं सगळं उरकलं होतं. त्याला तासभर तरी लागतो. म्हणजे ती दोनच्या आत गेली असणार. दीडच्या आधी गेली असेल, तर तो उठला काय आणि बसला काय, सारखंच. दीडनंतर गेली असेल, तर ती डोळे उघडे ठेवून दाराकडं बघत असताना तो मलकापूरच्या घड्याळाची चाल लावत होता. दीड ते दोन. एवढ्या अर्ध्या तासाची शंका होती आणि ती काही केल्या बुजत नव्हती.

विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे का विचारतो ते सांगायला लागणार.

सात वर्षं गेली. चावीची घड्याळं कमी झाली. सेलची आली, ती लोक बिघडली की फेकून द्यायचे. कृष्णातचं बूथ बंद पडलं, तिथंच तो मोबाइलची रिचार्ज कार्डं विकायला लागला. दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर मलकापूरचे आण्णा दारात उभे राहिले.

"काय पावणं, वळखलं का न्हाय? का घड्याळ दाखवल्याबिगर माणूस वळखतच न्हाईसा?"

शिवपुत्रनं माणूस ओळखला आणि घड्याळही. आण्णा खुशीत होते. ते सांगत होते की हे घड्याळ सात वर्षांत एक दिवस बंद पडलं नाही. रेडिओ चुकेल, हे चुकणार नाही. आता ते नातवाला, राजवीरला, द्यायचं होतं. दहावीला बसलाय. एकदा धुऊन, तेल घालून द्या म्हणाले. जाताना म्हणाले, तुमच्या हाताला यश आहे.

आण्णा गेल्यावर त्यानं झाकण उघडलं. आत त्याचीच तारीख, त्याचाच 'शि'. अक्षर सरळ होतं. त्यानं भिंग लावलं आणि मशीन बघायला घेतलं. तो बिघाड शोधत नव्हता. घाईची खूण शोधत होता. एखाद्या स्क्रूच्या खाचेला पेचकस घसरल्याचा ओरखडा, पट्टीवर चिमट्याचा चट्टा, तेलाचा जादा थेंब. त्या दिवशी आपल्या आतल्या कशाला तरी कळलं होतं, हात थोडा तरी हलला होता, असं दाखवणारं काहीतरी. एकेक भाग सुटा करून त्यानं खिडकीच्या उजेडात धरला.

काही नव्हतं. इतकं स्वच्छ काम त्यानं आयुष्यात दोन-चार वेळाच केलं असेल.

घड्याळ धुऊन, बसवून, त्यानं आण्णांना पोचतं केलं. मग रविवारी सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला गेला. विचारायचंच, असं ठरवून गेला.

संगमेशला आनंद झाला. दाजी आपणहून आले म्हणून त्यानं बायकोला शेवयाची खीर करायला सांगितली. सासू बयाबाई दोन महिन्यांपूर्वी वारली होती. तिच्या गोष्टी निघाल्या, उसाच्या निघाल्या, कारखान्याच्या तोडीच्या निघाल्या. जेवण झालं. सोप्यात दोघंच बसले. ज्या भिंतीला गौराबाईला टेकवलं होतं तिच्याचकडं शिवपुत्रची पाठ होती.

"त्या दिवशी मला निघायला उशीर झाला," तो म्हणाला.

संगमेश पान लावत होता. "एस्टी मिळाली नसंल," तो सहज म्हणाला. "त्यावेळी गाड्या तरी कुठं हुत्या, दाजी."

"व्हय," शिवपुत्र म्हणाला. "गाडी न्हवती."

एवढं बोलून झाल्यावर पुढचं काही विचारता येण्यासारखं राहिलं नाही. सात वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं, त्याच्या जागी खोटं निघालं, आणि तेही किती सोपं निघालं.

तो उठायला लागला तेव्हा संगमेशनं त्याला थांबवलं. आत जाऊन देवघरातनं एक रुमाल घेऊन आला. गाठ मारलेला, विभूतीनं पांढरा झालेला. आत गौराबाईचं घड्याळ होतं. शिवपुत्रला वाटलं होतं ते तिच्याबरोबरच गेलं. घरात शंभर चावीची घड्याळं, आणि तिनं महाद्वार रोडवरनं हौसेनं सेलचं घेतलं होतं. रोज सकाळी चावी देत बसू का भाकरी थापू, म्हणाली होती. तो महिनाभर तिला चिडवत होता.

"आईनं जिती असंपतोर दिलं न्हाय," संगमेश म्हणाला. "देवाम्होरं ठेवलेलं, रोज विभूती लावायची. आता तुमचं तुम्ही न्या." मग म्हणाला, "अक्का गेली तवा मीच तिच्या हातातलं काढलं. आन काढल्या काढल्या काटं फिरवायची चावी वढून ठिवली, घड्याळ थांबलं. काटं तिथंच हायत. म्हटलं, दाजी घड्याळवालं, त्यांस्नी येळ पायजेल."

तो वेळ सांगणार, असं शिवपुत्रला वाटलं. त्यानं घाईघाईनं रुमाल खिशात घातला आणि यंदा उसाला भाव काय मिळाला ते विचारलं. ते मघाच सांगून झालं होतं. संगमेशनं पुन्हा सांगितलं.

येताना गाडीत त्यानं खिशावर हात ठेवला होता. निपाणीला शेजारच्या बाईनं विचारलं, छातीत दुखतंय का. तो नाही म्हणाला.

आता दोन हजार सहा चालू आहे. रुमाल कामाच्या टेबलाच्या खणात आहे. मेलेला सेल आत ठेवू नये, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. सेल पाझरतो आणि त्याचं पाणी मशीन खातं. तिच्या घड्याळात सेल नऊ वर्षं झाली तसाच आहे. डायल खाली धरून, नुसतं मागचं झाकण काढून सेल काढता येईल, हे त्यानं पुष्कळदा ठरवलं. पण हातात घेतल्यावर आपण ते उलटं करून बघणार नाही, याची त्याला खात्री नाही. काटे दीडच्या अलीकडं असले तर त्याला झोप लागेल. पलीकडं असले तर काय करायचं, ते त्याला माहीत नाही.

रुमालाची गाठ अजून सोडलेली नाही.